घरच्या टँकमध्ये पाणवनस्पतींची बाग: कोरडं काम आधी, पाणी मग, मासे अगदी शेवटी

रविवारी सकाळी टँक आणला. दुपारी रेती ओतून पाणी भरलं, वर तरंगणारी झाडं हातानं खाली दाबली आणि दिवेलागणीला मासे सोडले. पंधरा दिवसांत पाणी हिरवं झालं, झाडं देठापासून कुजली आणि मासे एकेक करून पालथे पडले. बेळगावात अ‍ॅक्वास्केप, म्हणजे टँकमधली अशी बाग, बिघडलं म्हणून जे जे विचारायला येतात, त्यांतल्या बहुतेकांची हकीगत अशीच असते. सामान वाईट नसतं, चुकलेला असतो तो क्रम.

म्हणून इथे सगळा भर तयारी आणि क्रमावर आहे. सोयीसाठी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १५ इंच उंच टँक धरला आहे. काठोकाठ भरला तर त्यात ७० लिटर पाणी मावतं. माती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्षात ५५ लिटरच्या आसपास राहतं. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर लावायचा नाही, तळाला साधी माती आणि वर एक एलईडी दिवा. पहिल्या टँकला एवढं पुरतं. याहून लहान टँक घेऊ नका. पाणी थोडं असलं की ते फार लवकर बिघडतं.

## १. वेळ आणि जागा

दिवाळी ते शिमगा हा काळ सगळ्यांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत कुरियरनं मागवलेली झाडं खोक्यातच उकडून येतात, आणि नवा टँक उन्हाळ्याची झळ सोसत नाही. भर पावसात लावायला हरकत नाही, पण वीज वारंवार जाते आणि नळाचं पाणीही रोज वेगळं येतं.

भरलेल्या टँकचं वजन काच, रेती, दगड धरून ९० ते १०० किलो होतं. टीपॉय किंवा टीव्हीचं कपाट हे वजन पेलत नाही. लोखंडी स्टँड किंवा भिंतीलगतचा पक्का कट्टा घ्या. त्यावर मिस्त्रीची पाणसळ आडवी-उभी ठेवून पाहा आणि मग टँकखाली पाऊण इंच जाडीचा थर्माकोल घाला. खिडकीतून येणारं ऊन टँकवर अर्धा तासही पडता कामा नये. शेवाळाची सुरुवात तिथूनच होते.

तपासा: रिकामा टँक अंगणात किंवा मोरीत पाण्यानं भरून पूर्ण एक दिवस ठेवा. सांध्यांवरून कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा. कागद ओला झाला तर टँक परत करा. आत माती गेल्यावर गळती सापडली तर सगळं उपसावं लागतं.

सावध: फिल्टरची आणि दिव्याची वायर सॉकेटकडे सरळ नेऊ नका. ती आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे ओघळ आलाच तर थेंब जमिनीवर पडेल. हात पाण्यात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, प्रत्येक वेळी.

## २. पाणी ओळखा

शहरात नळाला येणारं पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं. मार्कंडेय आणि घटप्रभा या नद्या त्यांत साठतात. पण आपल्याकडे घरोघरी विहीर किंवा बोअरही असते आणि नळाला पाणी येत नाही त्या दिवशी तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं. म्हणजे आज टँकमध्ये एक पाणी आणि परवा दुसरंच. झाडांना मानवत नाही ते हे. क्षार थोडे जास्त असले तरी बहुतेक झाडं जुळवून घेतात. दर आठवड्याला बदलणाऱ्या पाण्याशी त्यांना जुळवता येत नाही.

तेव्हा एकच पाणी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. ज्या पातेल्यात रोज पाणी उकळता त्याच्या तळाला हात लावून बघा. पांढरा खरखरीत थर असेल तर पाणी जड. तसं बोअरचं पाणी असेल तर नळाचं पाणी वेगळं साठवा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. उघड्या ड्रममध्ये २४ तास ठेवलं की तो बराचसा उडून जातो. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब घाला, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. पाणी दोन-चार दिवसांआड येणाऱ्या गल्ल्यांत ४० लिटरचे दोन ड्रम टँकसाठीच वेगळे ठेवा. सार्वजनिक किंवा घरच्या विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर तो आठवडा तिचं पाणी घेऊ नका.

## ३. दगड आणि लाकूड

या बाबतीत मी स्वतः मार खाल्लेला आहे. माझ्या दुसऱ्या टँकमध्ये मी बांधकामावरची पांढरी संगमरवरी खडी आणि फरशीचे तुकडे रचले होते, दिसायला सुरेख. दोन महिन्यांनी काचेवर पाण्याच्या रेघेला पांढरी पुटं चढली, रोटाला नावाच्या पाणवनस्पतीची नवी पानं मुडपून बारीक येऊ लागली. मी खत बदललं, दिवा बदलला. कारण दगडात होतं, आणि ते कळायला आणखी एक महिना गेला. संगमरवर, शहाबादी फरशी आणि कडप्पा हे सगळे चुन्याचे दगड. ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करत राहतात.

आपल्या भागात काळ्या दगडाला तोटा नाही आणि तो टँकसाठी उत्तम. गोकाकच्या बाजूचा वालुकाश्मही चालतो, पण तपासून. खानापूर-जांबोटीकडचा जांभा भोकाभोकांचा, मॉस चिकटवायला छान. मात्र त्याच्या कडा झडतात आणि लाल पाणी सुटतं. आठवडाभर रोज पाणी बदलत भिजवा. तरीही लाल सुटत असेल तर सोडून द्या.

तपासा: दगड कोरडा करून त्यावर टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. हातमोजे घालून, घराबाहेर. फेस आला, चुरचुर आवाज झाला तर दगड बाद. नुसत्या व्हिनेगरवर विसंबू नका, काही दगड त्याला दाद देत नाहीत. दगड पास झाला की भरपूर पाण्यानं धुवा.

सावध: दगड उकळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो.

लाकडासाठी पेरूची पूर्ण वाळलेली फांदी घ्या. साल खरवडून काढा आणि दगडाखाली दाबून दोन-तीन आठवडे भिजत ठेवा. लाकूड आपोआप तळाशी बसू लागलं की तयार झालं. कडुनिंब आणि चीक येणारी झाडं नकोत. भीमगड अभयारण्यातून लाकूड, दगड, वनस्पती काहीही उचलू नका. कायद्यानं मनाई आहे आणि नसती तरी ते करायचं नाही. ओढ्यातली क्रिप्टोकोरिन ही देशी पाणवनस्पतीही उपटायची नाही. तिच्या काही जाती फार थोड्या जागी उरल्या आहेत.

## ४. माती आणि रेती

लोक सगळ्यांत जास्त इथे फसतात, म्हणून जरा सावकाश.

शेतातली माती नको. तिच्यात युरिया आणि शेणखत असतं. पाण्याखाली गेल्यावर त्यातून अमोनिया सुटतो आणि तो महिनोन्महिने सुटत राहतो. काळी माती तर अजिबात नको, ती पाण्यात फुगते आणि जरा हात लागला की सगळा टँक गढूळ. विटा-कौलांची चिकण मातीही एकटी चालत नाही. ती घट्ट बसते आणि मुळांना आत शिरू देत नाही. दुकानातल्या कुंडीच्या तयार मिश्रणात गांडूळखत आणि कोकोपीट असतं, तेही नको.

हवी ती परसातली, दोन-तीन वर्षं खत न पडलेली साधी माती. तिच्यात पाचवा हिस्सा खानापूरकडची लाल माती मिसळा. लाल मातीतलं लोह झाडांना उपयोगी पडतं. अशी एकूण साडेचार लिटर माती पुरे.

ती अशी तयार करा: मोठ्या टोपात भिजवा, वर तरंगणारा पालापाचोळा काढून टाका, पाणी ओता. माती गच्चीवर पसरून पूर्ण वाळवा. पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. असं तीनदा. शेवटी पिठाच्या नाही, रव्याच्या चाळणीनं चाळा. याला दहा-बारा दिवस लागतात आणि लोक नेमके हेच टाळतात. तयार माती मुठीत घेऊन वास घ्या. पहिल्या पावसानंतर अंगणाला येतो तसा वास यायला हवा. आंबूस किंवा शेणाचा वास आला तर आणखी एक फेरी.

वरच्या थरासाठी दीड ते तीन मिलिमीटरची रेती, ११ ते १२ किलो. याहून बारीक वाळू घट्ट बसते आणि खाली हवा जात नाही. याहून मोठ्या खड्यांच्या फटींतून माती वर येते. एम-सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, वापरत असाल तर चाळून भुकटी काढा. रेती बादलीत घेऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. आठ-दहा वेळा तरी लागतंच.

## ५. कोरडी मांडणी

टँकमध्ये अजून पाणी नाही, हे लक्षात असू द्या.

समोरच्या आणि बाजूच्या काचांना लागून एक इंच रुंदीची पट्टी रेतीची ठेवा, म्हणजे माती बाहेरून दिसणार नाही. आतल्या भागात एक इंच माती पसरा. दीड इंचाच्या वर जाऊ नका. माती जाड झाली की आत हवा पोचत नाही, ती सडते आणि कुजक्या अंड्याच्या वासाचे बुडबुडे येतात. मागची बाजू उंच हवी असेल तर उंची मातीनं वाढवायची नाही. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत धुतलेली काळी खडी भरा, ती मागच्या कोपऱ्यात ठेवा आणि तिच्यावरून माती व रेती घ्या.

मोठा दगड मातीवर ठेवू नका, नंतर खचतो. त्याच्याखालची माती बाजूला सारून थर्माकोलच्या पातळ तुकड्यावर, काचेपर्यंत टेकवून बसवा. मुख्य दगड बरोबर मध्यावर नको. लांबीचे तीन भाग केले तर एका भागाच्या रेषेवर येऊ द्या. मग रेती. पुढे दोन इंच, मागे साडेतीन ते चार इंच अशी उतरण.

आता थांबा. खुर्ची ओढून टँकच्या उंचीवर बसा आणि फोटो काढा. दोन दिवस तसंच ठेवा, येता-जाता बघा. दगड हलवायचा असेल तर आत्ताच हलवा, नंतर प्रत्येक हालचालीला माती वर येते.

## ६. झाडं: आधी आंघोळ, मग लावणी

पहिल्या वेळेला झाडं भरपूर घ्या, तळाचा निदान दोन तृतीयांश भाग झाकला जाईल इतकी. थोडी झाडं लावून ती पसरण्याची वाट पाहिली की रिकाम्या जागेवर शेवाळ आधी पोचतं.

मागे व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला, रोटाला रोटुंडिफोलिया. मध्ये क्रिप्टोकोरिन वेंडटी आणि बाकोपा, म्हणजे आपली ब्राह्मीच. दगड-लाकडावर अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस. लालभडक रोटाला मॅक्रान्ड्रा दक्षिण भारतातलीच, पण गॅस आणि जोरदार दिव्याशिवाय ती टिकत नाही. पहिल्या टँकला नको.

कुंडीतल्या झाडाच्या मुळाभोवतीची लोकर बोटांनी आणि चिमट्यानं पूर्ण काढा. कपातून आलेल्या टिश्यू कल्चरच्या रोपांची जेली कोमट पाण्यात धुवा, राहिली तर बुरशी येते. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून काढा आणि साध्या पाण्यात खळबळून घ्या. गोगलगायींची बरीचशी पिल्लं आणि शेवाळाचे तंतू इथेच थांबतात. मॉस आणि नाजूक पानांना पाच मिनिटं पुरेत. लांब मुळं कात्रीनं एक-दीड इंचावर आणा, पिवळी पानं देठाजवळून काढा.

आता टँकमध्ये हळूच एवढंच पाणी घाला की ते रेतीच्या पृष्ठभागाला जेमतेम येईल. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, लावणी पाहिली असेल तर हे लगेच कळेल. चिखल होईल एवढंच पाणी, रोप अंगठ्यानं दाबलं की उभं राहतं. खोल पाण्यात कोणी भात लावत नाही. इथेही तसंच, फरक एवढाच की तरवा दोन-चार काड्यांच्या चुडानं लावतात, टँकमध्ये एक एक काडी सुटी लावायची. दुकानातला जुडगा तसाच खोचला तर आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि तो मुळातून कुजतो.

चिमट्यानं काडी खालच्या टोकाला धरा, ४५ अंशांत तिरकी आत घाला, एक-दीड इंच गेली की चिमटा सैल करून हलकेच थरथरवत बाहेर काढा. सरळ वर ओढला तर काडीही वर येते. दोन काड्यांत अर्धा ते पाऊण इंच अंतर. लावता लावता दर पाच मिनिटांनी स्प्रेच्या बाटलीनं पानांवर पाणी मारा, वाळलेलं पान पुन्हा जिवंत होत नाही.

सावध: अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा जाड कंद रेतीत पुरू नका, कुजतो. काळ्या सुती दोऱ्यानं दगडाला बांधा किंवा सुपरग्लू जेलचा एक थेंब लावून चिकटवा.

## ७. पाणी भरणं

तळाला प्लास्टिकची पिशवी पसरा, तिच्यावर बशी. एअरपंपाची बारीक नळी ड्रममध्ये सोडून बशीवर धार पडू द्या. अर्ध्या तासाच्या वर वेळ लागेल, लागू द्या. पुतण्याला घाई झाली आणि त्यानं अर्धी बादली एकदम ओतली, तर दोन तासांची लावणी पाण्यावर तरंगायला लागली. मागच्या कोपऱ्यातला मातीचा उतारही तेव्हाच धुऊन पुढे आला होता.

भरून झालं की पिशवी अलगद काढा आणि फिल्टर लगेच सुरू करा. तासाला ३०० ते ४०० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर पुरे. त्याच्या तोंडाची धार काचेवर वळवा, झाडांवर नाही.

तपासा: पाणी किंचित धुरकट असेल तर दोन दिवसांत निवळतं. चहासारखं लाल-तपकिरी असेल तर तो लाकडाचा रंग, घातक नाही. गढूळ आणि गाळ उठतोय असं दिसलं तर रेतीचा थर कुठेतरी पातळ आहे. ती जागा शोधून वरून मूठभर रेती घाला.

## ८. पहिले सहा आठवडे

दिवा १५ ते २० वॅटचा, ६५०० केल्विनचा. टायमर प्लग लावा आणि रोज सहाच तास. हातानं चालू-बंद केला की आज चार तास, उद्या बारा. पाहुणे आले म्हणून रात्री दिवा लावायचा नाही. चौथ्या आठवड्यानंतर दर आठवड्याला अर्धा तास वाढवून आठ तासांपर्यंत न्या.

पाणी पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड निम्मं बदला, म्हणजे दीड-दोन बादल्या. दुसऱ्या आठवड्यात दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा तिसरा हिस्सा. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, कढीपत्ता आणि मोगरा त्यावर जोमानं वाढतात. पाच आठवडे कुठलंही खत घालायचं नाही, मातीत आहे.

या काळात तीन गोष्टी दिसतील आणि तिन्हींना लोक घाबरतात. क्रिप्टोकोरिनची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतील. ती पाण्याबाहेर वाढलेली पानं असतात. मुळं शाबूत ठेवा, महिन्यात नवी फुटतात. फक्त सडलेली पानं रोज काढा. लाकडावर पांढरी कापसासारखी बुरशी येईल, दोन-तीन आठवड्यांत जाते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काचेवर तपकिरी पूड बसेल, ती जुन्या टूथब्रशनं पुसता येते. औषधाच्या बाटल्या आणू नका. हिरवे लांब तंतू आले तर मात्र दिवा पाच तासांवर आणा आणि तंतू ब्रशला गुंडाळून काढा.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. आपल्याला हवे असलेले जिवाणू त्याच स्पंजावर वाढत असतात, नळाच्या क्लोरीननं ते मरतात. पावसाळ्यात वीज चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ गेली तर फिल्टर परत सुरू करण्यापूर्वी स्पंज असाच पिळून घ्या, आतलं कोंदलेलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका.

## ९. मासे

"काकी, पाणी निवळलंय की, आज सोडूया!" हे वाक्य मला दुसऱ्याच दिवशी ऐकू येतं. निवळ दिसणाऱ्या पाण्यातही अमोनिया असू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यांतले अमोनिया आणि नायट्राइट माशांना विष. ही साखळी बसायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर "एक स्वस्तातला मासा टाकून बघू" असं करायचं नाही. त्यालाही गुदमरतं.

तपासा: थेंबांचं टेस्ट किट आणा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, हे दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा आलं पाहिजे. एकदा येऊन भागत नाही.

मग पहिल्या खेपेला सहा झेब्रा डॅनिओ किंवा दहा चेरी कोळंब्या. दोन आठवडे थांबून पुन्हा टेस्ट, आणि मग पुढचे. कोळंब्या ठेवणार असाल तर तांब्याचा अंश असलेलं कुठलंही औषध टँकमध्ये जाता कामा नये. थंडीत आपल्याकडे रात्री चांगलंच गार होतं, टेट्रा किंवा गप्पी ठेवायचे तर ५० ते ७५ वॅटचा हीटर २४ अंशांवर लावा. एप्रिल-मेमध्ये उलट, पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा. दोन-तीन अंश उतरतात. उडून गेलेलं पाणी रोज भरून काढायला विसरू नका.

काच साफ करील म्हणून 'सकर' मासा विकतात तो घेऊ नका. फूटभराहून मोठा होतो आणि झाडं उखडतो.

माशांची पिशवी न उघडता २० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी टँकचं अर्धी वाटी पाणी आत घाला, पाच-सहा वेळा. मासे जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर फेका. त्या दिवशी दिवा बंद, खाणं दुसऱ्या दिवशी.

काड्या पाण्याच्या वर येऊ लागल्या की निम्म्यावर छाटा आणि वरचे शेंडे मोकळ्या जागेत लावा. उरलेली छाटणी मार्कंडेयात, किल्ला तलावात किंवा गटारीत टाकू नका, बाहेरची झाडं तिथे पसरली तर कोणाला आवरायची नाहीत. नको झालेल्या माशांनाही हाच नियम. छाटलेले तुकडे गच्चीवर कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि मग कुंडीत पुरा.